स्पोर्ट्‌स कारचे स्वप्न आणि बचतीचे गणित

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे आधी दुचाकींचे झाले आणि मग मोटारींचेही झाले. पिंपरी आणि चाकणच्या कारखान्यांमुळे वाहनांची ओढ येथे जुनीच आहे. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी दोन आसनांची वेगवान मोटार दारात उभी राहावी, असे वाटणारे नोकरदारही येथे कमी नाहीत. मात्र ही मोटार गरज नसून हौस आहे. तिच्यासाठी घर, मुलांचे शिक्षण आणि निवृत्तीची तरतूद पणाला लागता कामा नये.

किंमत थांबत नाही
बचत करताना पहिली चूक होते ती आजची किंमत गृहीत धरण्याची. दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ ही भारतीय स्पोर्ट्‌स कार २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात मांडण्यात आली. तेव्हा ती तीस लाखांच्या आत मिळेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी किंमत ३५ लाखांच्या पुढे गेली. सर्व कर आणि विम्यासह आज ३० लाखांना पडणारी मोटार, दरवर्षी सहा टक्के भाववाढ धरल्यास, दहा वर्षांनी सुमारे ५४ लाखांची होईल. वार्षिक आठ टक्के परतावा मिळाला, तर त्यासाठी दरमहा सुमारे २९ हजार रुपये बाजूला टाकावे लागतील. अर्थात, हा परतावा निश्चित नसतो.

कर्ज की संयम?
तीच मोटार आज ३० लाखांच्या कर्जावर घेतली, तर साडेनऊ टक्के व्याजाने सात वर्षे दरमहा सुमारे ४९ हजारांचा हप्ता बसतो. व्याजापोटीच ११ लाखांहून अधिक रक्कम जाते. मोटार लगेच मिळते, हा कर्जाचा फायदा नाकारता येत नाही. पण नोकरी गेली, तर बचत थांबविता येते. हप्ता थांबत नाही. खरा फरक येथेच आहे.

आधी काय, नंतर काय
सहा महिन्यांच्या घरखर्चाची रोकड, आरोग्य विमा आणि मुदतीचा आयुर्विमा यांना पहिला मान द्यावा. त्यानंतर निवृत्ती आणि शिक्षण यांचा क्रम येतो. भविष्य निर्वाह निधीची (पीपीएफ) मुदत १५ वर्षांची असून, त्यात वर्षाला दीड लाखापर्यंत रक्कम भरता येते. मुलीसाठी २०१५ पासून सुकन्या समृद्धी योजना आहे. मोटारीची बचत या सर्वांपासून वेगळ्या खात्यात ठेवावी. प्रारंभीच्या काळात म्युच्युअल फंडातील ‘एसआयपी’ चालू शकेल. मात्र खरेदीला दोन-तीन वर्षे उरली, की रक्कम टप्प्याटप्प्याने मुदत ठेवीत वळविणे इष्ट. पगारवाढ झाली, की मासिक रकमेतही वाढ करावी.

खरेदीनंतरचा खर्च
वीस लाखांवरील पेट्रोल मोटार स्वतःच्या नावे घेतल्यास राज्यात १३ टक्के वाहनकर लागतो. कंपनीच्या नावे तो २० टक्के आहे. विमा, रुंद टायर, महागडे सुटे भाग यांचा खर्च दरवर्षीचा. शिवाय, पुण्यातील गतिरोधक बुटक्या मोटारीच्या तळाशी घासतात, आणि द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातही वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटरच आहे. त्यामुळे खरेदीइतकीच तरतूद मोटार सांभाळण्यासाठीही हवी. ती झाल्यावर दारात आलेल्या मोटारीचा आनंद निर्धास्तपणे घेता येतो.