'रामदास' आगबोट : सेवा आणि अंत

कोकण किनाऱ्यावरील आगबोटींच्या इतिहासात 'रामदास' हिचे स्थान केवळ तिच्या जलसमाधीमुळे ठरलेले नाही. परकीय भांडवलाच्या कंपन्यांशी स्पर्धा करण्यासाठी स्वदेशीच्या भावनेतून जी भारतीय कंपनी उभी राहिली, तिला कोकणवासी जिव्हाळ्याने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. 'तुकाराम', 'रामदास' अशी संतांची नावे बोटींस देण्यामागे उतारूंच्या मनाला आपलेपणा वाटावा हाच हेतू दिसतो. या कंपनीच्या 'जयंती' व 'तुकाराम' या दोन बोटी नोव्हेंबर १९२७ मध्ये एकाच वादळात बुडाल्या होत्या.

इंग्लंडमधील स्वान हंटर कारखान्यात १९३६ साली बांधलेली 'रामदास' सुमारे ४०६ टनांची होती. पावसाळ्यात कोकणची दूरची बंदरे बंद होत. तथापि मुंबईहून धरमतर खाडीच्या मुखावरील रेवसपर्यंतची फेरी चालू राही. चाकरमानी, मासळी विकणाऱ्या स्त्रिया व अलिबागकडील शेतकरी यांचा संसार या फेरीवर अवलंबून होता.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी सुमारे आठ वाजता बोट भाऊच्या धक्क्यावरून निघाली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या असल्याने गावी जाणाऱ्यांची दाटी होती. बंदराबाहेर येताच पाऊस व वारा वाढला. बोट लाटांनी कलू लागली, तेव्हा भयभीत उतारू एका बाजूस धावले. त्यामुळे कल अधिकच वाढला. काशाच्या खडकाजवळ, निघाल्यापासून तासाभराच्या आत, ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांनी काहींना वाचविले.

या घटनेचे मर्म लाटेपेक्षा त्यानंतरच्या शांततेत आहे. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईसारखे महाबंदर इतके जवळ असूनही कित्येक तास त्यास काहीच कळले नाही. पोहून आलेल्यांच्या मुखानेच वार्ता पोहोचली. समुद्राने बोट घेतली हे खरे. परंतु मदतीचा वेळ मात्र संदेशसाधनाच्या अभावाने घेतला. स्वातंत्र्यास महिनाही उरला नव्हता. त्या उत्साहाच्या दिवसांत रेवस-अलिबाग परिसरातील कित्येक घरे मात्र शोकात बुडाली होती.

दहा-अकरा वर्षे नित्याची फेरी करणारी बोट प्रवाशांच्या लेखी घरासारखीच विश्वासाची झाली होती. तो विश्वास नावावर व परिचयावर उभा होता. सुरक्षिततेच्या साधनांवर नव्हे. 'रामदास'च्या इतिहासाचा हाच बोध होय.