हत्तीच्या मापाचा दरवाजा

गढीचा, वाड्याचा किंवा किल्ल्याचा दरवाजा बाजारात तयार मिळावा आणि गाडीवर घालून आणून बसवावा, ही सोय जुन्या मराठी मुलखात नव्हती. तो ज्या कमानीत उभा राहावयाचा त्या कमानीचे माप, ज्यांनी त्यातून ये-जा करावयाची त्यांचे माप आणि ज्यांना त्याने अडवावयाचे त्यांच्या सामर्थ्याचा अदमास, अशा तीन गोष्टींचा मेळ घालून तो जागेवरच घडविला जाई. या कलेचा एक ठळक नमुना पुण्याच्या शनिवारवाड्यावर पाहावयास मिळतो. या वाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 रोजी घातला गेला आणि 22 जानेवारी 1732 रोजी थोरल्या बाजीरावांनी त्याची वास्तुशांत केली; पुढील पेशव्यांच्या अमदानीत त्याभोवती तट, बुरूज आणि पाच दरवाजे यांचा बंदोबस्त झाला. 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेल्या आगीने आतला लाकडी इमला भस्मसात केला. तट आणि दरवाजे मात्र मागे राहिले.

अशा दरवाजासाठी पहिली पसंती सागवानाला असे, आणि तिचे कारण केवळ टिकाऊपणा हे नव्हते. सागवान मुरले की सहसा वाकत-पिळत नाही, त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही, आणि त्यात ठोकलेले लोखंड इतर पुष्कळ लाकडांच्या मानाने कमी गंजते. ज्या झडपेत मणामणाचे लोखंड घालावयाचे तिच्यासाठी हा गुण अनमोल होता. शनिवारवाड्याचे सागवान जुन्नरच्या रानातून आल्याचे सांगतात.

माप गज आणि तसू यांत घेतले जाई. चोवीस तसूंचा एक गज. उंबरठा, दोन्ही बाजूंच्या बाह्या आणि वरची गणेशपट्टी यांची चौकट आधी उभी राही आणि झडपांची अखेरची तासणी त्या चौकटीला लावून पाहूनच होई. वाकसाने तासलेल्या जाड उभ्या फळ्या एकमेकींना भिडवून त्यांच्या पाठीवर आडवे पट्टे घालीत. सामत्याने भोके पाडून त्यांतून लोहाराने घडविलेले खिळे आरपार नेत आणि त्यांची मागे निघालेली टोके वळवून लाकडात ठोकून बसवीत. एवढे ओझे बिजागऱ्यांवर टांगण्याची जोखीम कोणी घेत नसे. झडपेच्या कडेचा खांब वर आणि खाली थोडा अधिक लांब ठेवून त्याची कुसवे करीत. खालचे कुसू उंबरठ्यालगतच्या दगडी खळगीत आणि वरचे दगडी कड्यात फिरे, म्हणजे साऱ्या झडपेचा भार भिंतीवर न पडता थेट भूमीवर उतरे.

शनिवारवाड्याच्या पाच दरवाजांपैकी दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक झडपेवर सुमारे 12 इंच लांबीचे 72 अणकुचीदार सुळे, नऊ बाय आठ अशा रांगांत, हत्तीचे गंडस्थळ येईल अशा उंचीवर बसविलेले आहेत. हत्तीने मस्तकाची धडक देऊन दरवाजा फोडण्याची रीत जुनी; तोफांचा अंमल सुरू झाल्यावर तिचा धाक पुष्कळच ओसरला होता, तरी सुळ्यांचा दस्तूर चालू राहिला, कारण तोवर ते प्रतिष्ठेचेही लक्षण बनले होते. दरवाजा फुटलाच, तरी आत शिरणाऱ्याला सरळ धाव घेता येत नसे. त्याला आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळणे भाग पडे.

परंतु मला या साऱ्या थाटापेक्षा अधिक विचारपूर्ण वाटते ती उजव्या झडपेतील लहानशी दिंडी. हा अवाढव्य दरवाजा रोज उघडणे कष्टाचे आणि धोक्याचेही; म्हणून नित्याचे जाणेयेणे या दिंडीतून चाले. तिच्यातून एका वेळी एकच माणूस आत येई, तोही मान लववून आणि पाय उचलून, आणि त्या अवघडलेल्या क्षणी देवडीवरच्या पहारेकऱ्याला त्याला नीट न्याहाळता येई. थोरला दरवाजा अंबारीसह हत्तीसाठी, दिंडी एकट्या माणसासाठी. एकाच झडपेत वैभव आणि सावधपणा यांची मापे सुताराने अशी शेजारी शेजारी बसविली.

या सावधपणाचे शास्त्र मराठेशाहीतील मुत्सद्दी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथातही आढळते. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, म्हणून जागा पाहून एकाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्या, त्यांपैकी नित्य लागतील तेवढ्याच खुल्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्या, असा त्याचा आशय आहे.

कित्येक किल्ल्यांवर आज लाकूड उरलेले नाही, पण त्याचे माप दगडात उरले आहे. दोन खळग्यांमधील अंतर झडपांची रुंदी सांगते. एका भिंतीत अडसर पुरता आत सरकेल एवढे खोल भोक आणि समोरच्या भिंतीत त्याचे टोक अडकेल एवढी उथळ खाच असते. या भोकापासून चौकटीपर्यंतचे अंतर मोजले की झडपेच्या जाडीचाही अंदाज बांधता येतो.

वाड्यांचे दरवाजे मात्र चौकटीतून उखडून शोभेसाठी विकले जाऊ लागले, आणि चौकटीबाहेर पडलेल्या झडपेचे माप कशाचे होते हे कोणालाही सांगता येईनासे झाले. दिनकर केळकरांसारख्या संग्राहकाने कोरीव दारे पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात जपली, हे उपकार मोठेच. परंतु संग्रहालयांत मावतील अशी दारे थोडी आणि पडणारे वाडे पुष्कळ. म्हणून ज्यांच्या हाती जुना वाडा पाडण्याची पाळी येईल त्यांना एवढीच विनंती, की दरवाजा हलविण्यापूर्वी त्याची, त्याच्या चौकटीची, खळग्यांची आणि अडसराच्या भोकांची मापे कागदावर उतरवून घ्यावी, आणि झडपा, चौकट व अडसर यांची ताटातूट होऊ देऊ नये.