कमी खर्चात व्हिडिओ चित्रीकरण : घरच्या घरी तयार होणारी साधने

मागच्या वर्षी आम्ही एका आजींची मुलाखत चित्रित केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षा सोहळ्यात त्या वडिलांच्या खांद्यावर बसून आल्या होत्या. तासभर भरभरून बोलल्या. घरी येऊन फाइल उघडली तर चित्र उत्तम. आवाजात मात्र डोक्यावरचा पंखा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि त्यांच्या मागे कुठेतरी आजी. मोबाइल त्यांच्यापासून आठ फुटांवर उभा केला होता. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा त्या आजारी होत्या, दोन वाक्यांपुढे बोलणे होत नव्हते. आमचा मोबाइल अठरा हजारांचा होता. जे कमी पडले ते दोनशे रुपयांचे होते.

त्या सोहळ्यात जी मुले दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या घरात आहेत. वस्त्यांमधले जुने गायक, शाहीर, चळवळीतले कार्यकर्ते यांचीही तीच गत. त्यांना चित्रित करण्यासाठी कॅमेरा घ्यायला वर्गणी जमवू, मग सुरुवात करू, असे म्हणणारे तरुण आम्हाला दर कार्यक्रमात भेटतात. त्यांना आमचे सांगणे असे : कॅमेरा हा खर्चाचा शेवटचा मुद्दा आहे. आधी आवाज, मग स्थिरता, मग प्रकाश. या तिन्ही गोष्टींचे बरेचसे सामान हार्डवेअरच्या दुकानात, शिंप्याकडे आणि घरातल्या अडगळीत मिळते.

आवाज

चित्र थोडे हलले तरी लोक पाहतात. शब्द कळले नाहीत तर दुसऱ्या मिनिटाला बंद करतात. यात गणित सोपे आहे. बोलणाऱ्यापासून माइकचे अंतर निम्मे केले की पोचणाऱ्या आवाजाचा दाब साधारण दुप्पट होतो. आठ फुटांवरून एक फुटावर माइक आणला तर तो आठपट होतो. पंख्याचा आवाज मात्र आहे तेवढाच राहतो. कोणतेही महागडे मशीन हे काम अंतराइतके चांगले करत नाही.

म्हणून पहिले साधन म्हणजे दुसरा मोबाइल. घरात पडलेला जुना, स्क्रीन फुटलेला असला तरी चालतो. त्याला माइक असलेला वायरचा इअरफोन किंवा स्वस्तातला कॉलर माइक लावा, आवाज रेकॉर्ड करणारे ॲप सुरू करा, विमान मोडवर टाका आणि बोलणाऱ्याच्या खिशात किंवा मांडीजवळ ठेवा. माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर हवा. साडी असेल तर पदराच्या सळसळीचा त्रास होतो, म्हणून पदर पिनने नीट बसवून माइक त्याच्या काठावर लावायला सांगा. गळ्यात माळ असेल तर माइक तिच्यापासून दूर. वायरचा एक वळसा करून तो क्लिपमध्ये अडकवला की खालच्या ओढाताणीचा आवाज वर पोचत नाही. माइक लावण्याचे काम त्या व्यक्तीला स्वतःला किंवा घरच्यांना करू द्यावे.

माइक विकत घेताना पिनेकडे पाहा. पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतील तर तो मोबाइलसाठी आहे. दोन पट्ट्या असतील तर कॅमेऱ्यासाठी, आणि असा माइक जोडणी बदलणाऱ्या पिनेशिवाय बहुतेक मोबाइल ओळखतच नाहीत. दुकानदार 'सगळ्याला चालतो' म्हणतो. तिथेच लावून, रेकॉर्ड करून, ऐकून घ्या.

चित्र एका मोबाइलवर आणि आवाज दुसऱ्यावर असला की दोन्ही जुळवायचे कसे? दोन्ही सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक स्पष्ट टाळी वाजवा. संपादन करताना टाळीचे चित्र आणि आवाजातला टोकदार उंचवटा एकमेकांवर बसवायचा. लांब मुलाखतीत शेवटीही टाळी वाजवा, कारण दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी नसतात आणि तासाभरात ओठ व शब्द यांच्यात थोडे अंतर पडू शकते. शिवाय पुष्कळ मोबाइल सेकंदाला चित्रांची संख्या स्थिर ठेवत नाहीत. असे झाले तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल आधी स्थिर फ्रेमरेटची करून घ्यावी.

सभेत वेगळी अडचण असते. आपण मंडपाच्या मागे, वक्ता मंचावर, मध्ये भोंग्यांचा घुमणारा आवाज. साउंडवाल्या दादांशी कार्यक्रमाआधी बोलून पोडियमच्या माइकच्या दांड्याला आपला कॉलर माइक चिकटपट्टीने बांधायचा आणि मोबाइल पोडियमच्या आतल्या कप्प्यात ठेवायचा. आमच्या अनुभवात हा उपाय दहापैकी नऊ वेळा पुरतो. मिक्सरमधून थेट वायर घेण्याचा मोह होतो, पण मिक्सरच्या लाइन आउटचा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो. तो थेट कॅमेऱ्याच्या माइक-भोकात दिला तर आवाज फाटतो. ज्यांना सोल्डरिंग येते त्यांनी सिग्नलच्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीने घालावा आणि त्याच्या पुढे सिग्नल व ग्राउंड यांच्या मध्ये १०० ओहमचा. याने सिग्नल साधारण शंभरपटीने कमी होतो. ही जोडणी कॅमेरा किंवा वेगळ्या रेकॉर्डरसाठी आहे. मोबाइलला ती लावू नका, मोबाइल तिला इअरफोनचे दाबलेले बटण समजू शकतो. आणि त्या वेळी कॅमेरा चार्जरला लावलेला नको, नाहीतर भाषणभर विजेची गुणगुण ऐकू येते.

उघड्यावर वारा हा मोठा शत्रू. माइकवरचा स्पंज झुळकीपुरता असतो. जुन्या टेडीचे केसाळ कापड कापून त्याची टोपी शिवा, केस बाहेरच्या बाजूला. केसांमध्ये वारा मंदावतो, आवाजाच्या लहरी मात्र आत जातात. जलशात गायक हलत असेल तर सहा-सात फुटी बांबूच्या टोकाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांमध्ये माइक झुलता बांधा, म्हणजे हाताचा खडखडाट रबरातच विरतो. बांबू धरणाऱ्याचे हात वीस मिनिटांत भरून येतात. दोघे जण ठेवा.

स्लॅबच्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो. कॅमेऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या, सतरंज्या टाका. फरक कानाला लगेच कळतो.

दोन सुताचा बोल्ट

कॅमेऱ्याच्या बुडाला जे आट्यांचे भोक असते ते जगभर एकाच मापाचे आहे : पाव इंच व्यास, इंचाला वीस आटे. हार्डवेअरवाल्याला 'दोन सुताचा बोल्ट' म्हटले की कळते. मोठ्या ट्रायपॉडच्या हेडला तीन सूत, म्हणजे तीन अष्टमांश इंच लागतो. हे माप कळले की निम्मे दुकान आपले झाले, कारण काठी, पाइप, फळी, खिडकीची सळई अशा कशालाही बोल्ट बसवला की त्यावर कॅमेरा बसतो.

घोटाळा इथेच होतो. दुकानात सहा मिलीमीटरचा बोल्टही दिसायला तसाच असतो. तो भोकात शिरतो, थोडा सैल वाटतो, आणि जोर लावला की आतले आटे खातो. दोन सुताच्या बोल्टचा व्यास ६.३५ मिलीमीटर, एका आट्याचे अंतर १.२७, सहाच्या बोल्टचे अंतर १. घेताना दोन सुताचा नट सोबत मागा आणि बोल्ट त्यात शेवटपर्यंत फिरवून पाहा. दुसरी काळजी लांबीची. कॅमेऱ्याचे भोक जेमतेम पाच मिलीमीटर खोल असते. बोल्टवर नट आणि वायसर अशा ठिकाणी घट्ट करा की वर तेवढाच भाग उरेल. जास्त लांब बोल्ट आवळल्याने एका मित्राच्या कॅमेऱ्याचे बूड आतून फुटले होते, आणि दुरुस्तीच्या पैशांत चांगला ट्रायपॉड आला असता.

मोबाइलला असे भोक नसते. मोडलेल्या सेल्फी स्टिकचा चिमटा जपून ठेवा. पुष्कळ चिमट्यांच्या खाली दोन सुताचेच आटे असतात.

काठी, दोरी, पाइप

सर्वांत स्वस्त साधन दोरीचे. बोल्टला नायलॉनची दोरी बांधा, खालच्या टोकाला फास. फासावर पाय ठेवून कॅमेरा वर ओढून धरला की दोरी ताणते आणि वर-खाली होणारे कंपन बरेच कमी होते. दोन दोऱ्या दोन्ही पायांखाली घेतल्या तर आणखी बरे. मोर्चात ट्रायपॉड उभा करता येत नाही, तिथे हे खिशात मावते. पण दहा मिनिटांच्या भाषणाला दोरी पुरत नाही. त्यासाठी पाच फुटी काठीच्या टोकाला भोक पाडून बोल्ट उलटा बसवा, एम-सीलने पक्का करा, रात्रभर वाळू द्या. एकपायी स्टँड तयार. काठीला खाली रबरी टोपी लावा, विहाराच्या फरशीवर ओरखडे नकोत.

जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापून त्यात तीन-चार किलो ज्वारी किंवा वाळू भरा आणि तोंड शिवा. ही पिशवी भिंतीवर, ओट्यावर, जीपच्या बॉनेटवर ठेवून त्यात कॅमेरा बसवता येतो. वारा असेल तेव्हा हलक्या ट्रायपॉडच्या मध्यभागी लटकवायलाही तीच कामी येते.

चालता-चालता चित्रीकरण करायचे असेल तर वजन लागते. गॅरेट ब्राउन यांचे स्टेडीकॅम १९७६ च्या 'रॉकी' या चित्रपटामुळे जगाला माहीत झाले. त्यातले मुख्य तत्त्व आपल्यालाही वापरता येते : वजन एका जागी गोळा न ठेवता लांब दांड्याच्या दोन टोकांना विभागले की तो सहज वळत नाही, आणि तो खालून थोडा जड असला की सरळ राहतो. पुढे जॉनी ली या अमेरिकन विद्यार्थ्याने नळाचे पाइप आणि व्यायामाचे वजन वापरून १४ डॉलरमध्ये असे साधन बनवले आणि त्याची कृती सर्वांना खुली केली. आपल्याकडे अर्धा इंची पीव्हीसी पाइप चालतो. दीड फुटाचा उभा तुकडा, वर एंड कॅपमध्ये भोक पाडून बोल्ट, मध्ये टी जोड आणि त्यातून निघणारी आडवी मूठ, खाली वाळूने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली. सोल्युशन लावण्याआधी नुसते जोडून पाहा. दोन बोटांवर टी तोलून धरल्यावर कॅमेरा हळूहळू सरळ उभा राहायला हवा. झटकन सरळ होऊन झुलत राहिला तर खालचे वजन कमी करा. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवत चाला. आठवडाभर सराव न करता कार्यक्रमाला नेऊ नका.

चाकांचे काय? ज्याँ-लुक गोदार यांच्या १९६० च्या 'ब्रेथलेस'मध्ये छायाचित्रकार राऊल कुतार यांना चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलले होते. खुर्ची मिळत असेल तर जरूर करा. ड्रॉवरच्या चॅनलचा स्लायडर आम्ही बनवला. तो खरखरतो आणि त्याच्या दोन फूट सरकण्याने आमच्या एकाही व्हिडिओत भर पडली नाही.

प्रकाश

मुलाखत दिवसा घ्या. बोलणाऱ्याला खिडकीच्या एका बाजूला बसवा, खिडकी त्यांच्या मागे नको. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरली की सुरकुत्या आणि डोळे दोन्ही दिसतात. रात्री असेल तर दोन-तीन एलईडी बल्ब एका फळीवर लावून समोर फूटभर अंतरावर बटर पेपर ताणा. हॅलोजनपुढे कागद किंवा थर्माकोल कधीही नको, तो पेटतो. आणि होल्डरची वायरिंग येत नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

व्हिडिओत दिव्यांच्या आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात, त्याचे कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय असेल तर तो निवडा. एक्स्पोजर आणि फोकस चेहऱ्यावर लॉक करा, नाहीतर मागून कोणी पांढऱ्या कपड्यात गेले की चेहरा काळा पडतो.

जुन्या लेन्स

बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंच्या कपाटात फिल्मच्या काळातल्या लेन्स मिळतात. ४२ मिलीमीटर आट्यांच्या लेन्स, उदाहरणार्थ झेनिट कॅमेऱ्यासोबत येणारी हेलिओस-४४, साध्या पितळी कड्याने कॅनन डीएसएलआरवर बसतात आणि चेहऱ्यासाठी सुंदर चालतात. निकॉन डीएसएलआरवर तेच कडे लावले तर दूरचे दृश्य फोकस होत नाही, कारण तिथे लेन्स आणि सेन्सर यांच्यातले अंतर थोडे जास्त पडते. घेण्याआधी लेन्समधून उजेडाकडे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात चांगल्या लेन्सलाही ती लागते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

बॅटरी आणि मेमरी कार्ड

या दोन गोष्टींत काटकसर करू नका. लिथियम बॅटरी घरी उघडणे किंवा जोडणे धोक्याचे आहे, आणि रस्त्यावरचे बनावट कार्ड ऐन वेळी फाइल गिळते. जागेचा हिशेब आधी करा : सेकंदाला १७ मेगाबिटने रेकॉर्डिंग होत असेल तर मिनिटाला सुमारे १३० एमबी, म्हणजे तासाला पावणेआठ जीबी लागतात. निघण्याआधी तेवढी जागा रिकामी आहे का ते पाहा. परतल्यावर त्याच रात्री दोन प्रती करा, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या कार्यकर्त्याच्या घरी. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव लिहा. तिसरी प्रत पेन ड्राइव्हवर घालून ज्यांची मुलाखत घेतली त्यांच्या घरी नेऊन द्या.