उलटा लिलाव : चाकणचा कांदा ते चाकणचं बुश

ऑनलाइन लिलाव म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना 'बाझी डॉट कॉम' आठवतं. अवनीश बजाज आणि सुवीर सुजन यांनी २००० च्या सुमारास सुरू केलेली ही साईट २००४ साली ईबेने साधारण ५ कोटी डॉलरला विकत घेतली आणि तिचं ईबे इंडिया झालं. २०१७ मध्ये ते दुकान फ्लिपकार्टकडे गेलं आणि १४ ऑगस्ट २०१८ ला त्याला कायमचं कुलूप लागलं. (डिसेंबर २००४ मध्ये साईटवर कोणीतरी भलतीच क्लिप विकायला ठेवली म्हणून बजाजना अटक झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्यांच्यावरची कारवाई रद्द केली. वेबसाईट बनवणाऱ्या प्रत्येकाने तो सगळा प्रकार एकदा जरूर वाचावा. असो, तो वेगळा विषय.)

त्या काळात ज्याने म्हणून जालावर बोली लावली त्याची तक्रार ठरलेली असायची. आठवडाभर आपली बोली सगळ्यात वर, आपण मनातल्या मनात वस्तू कपाटात मांडूनही टाकलेली, आणि शेवटच्या दहा सेकंदांत कोणीतरी येऊन दहा रुपये जास्त लावून ती घेऊन जातो. याला 'स्नायपिंग' म्हणायचे. विकणाऱ्याची तक्रार वेगळी. बोली जिंकणारा गायबच! फोन उचलत नाही, पैसे भरत नाही, आणि दुसऱ्या नंबरवाल्याला विचारावं तर तो म्हणतो, "मी घेतली की दुसरीकडून."

स्नायपिंगवर ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघांचा २००२ चा एक भारी पेपर आहे. (रॉथना पुढे २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) तेव्हा ॲमेझॉनसुद्धा लिलाव चालवायचं. ईबेचा लिलाव ठरल्या वेळी धाडकन बंद व्हायचा. ॲमेझॉनवर मात्र शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत दहा मिनिटांनी पुढे सरकायची. एवढ्या एका 'इफ'मुळे लोकांचं वागणं बदललं, ॲमेझॉनवर शेवटच्या क्षणी उड्या मारणं खूपच कमी होतं. कोड लिहिणाऱ्याला यात गंमत वाटते, कारण नियम एका ओळीचा आणि परिणाम माणसांच्या खिशावर.

हा मुदतवाढीचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला आज लिहायचंय ते ज्या लिलावाबद्दल, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसतो, पण आपण पिंपळे सौदागरहून हिंजवडीला ज्या गाडीतून जातो तिचे कितीतरी सुटे भाग त्यातून आलेले असतात. त्याचं नाव रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे उलटा लिलाव. यात घेणारा एक आणि विकणारे अनेक. बोली वर चढत नाही, खाली उतरत जाते. सगळ्यात कमी भाव देणारा 'एल-वन'.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण चाकणला लिलाव काही कंपन्यांनी आणला नाही. खेड बाजार समितीचं महात्मा फुले मार्केट चाकणला आहे आणि तिथे कांदा-बटाट्याचा लिलाव होतो, उघड. हा 'उघड' शब्द महत्त्वाचा. पूर्वी आपल्याकडे बऱ्याच बाजारांत हत्ता पद्धत चालायची. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा, आणि त्यालाच भाव दिसत नसे. वऱ्हाडातल्या कापूस बाजाराचा १८९७ चा कायदा, मग मुंबई इलाख्याचा १९३९ चा बाजार कायदा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा, या सगळ्या खटाटोपातलं एक मोठं काम म्हणजे तो रुमाल काढणं. सगळ्यांसमोर तोंडाने बोली लावा, ज्याचा माल त्याला ऐकू येऊ द्या, एवढंच.

आता रुमाल निघाला म्हणून भाव मिळाला असं झालं नाही. बर्नमधली जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९७९ साली चाकणलाच शेतकरी संघटना सुरू झाली, आणि तिची पहिली आंदोलनं कांद्यावर झाली, पुणे-नाशिक रस्ता अडवून. त्यांचा कार्यक्रम एककलमी होता : उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव. त्यांचं पुढचं राजकारण पटो न पटो, पण हिशेब बिनतोड होता. लिलाव उघड असला तरी ज्याला माल आजच विकून घरी जायचंय आणि ज्याला उद्या घेतला तरी चालतो, ते दोघं समान नसतात.

याच चाकणमध्ये १९९९ साली बजाजचा कारखाना आला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, २०१० मध्ये महिंद्रा. कांद्याच्या वावरांतून औद्योगिक वसाहतीचे फेज निघाले. भोसरी, चिंचवड, तळवडे इथली वर्कशॉपं तर आधीपासून टेल्को आणि बजाजच्या जिवावर उभी होतीच.

उलटा लिलाव आला अमेरिकेतून. ग्लेन मीकम नावाचा माणूस जनरल इलेक्ट्रिकमध्ये होता. त्याने १९९५ साली पिट्सबर्गला फ्रीमार्केट्स ही कंपनी काढली आणि कारखान्यांच्या सुट्या भागांचे उलटे लिलाव जालावर भरवायला सुरुवात केली. डिसेंबर १९९९ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा ४८ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी २८० वर बंद झाला! २००० साली जनरल मोटर्स, फोर्ड आणि डायमलर-क्रायसलर यांनी मिळून कोव्हिसिंट काढली, सगळ्या व्हेंडरांना एकाच साईटवर आणायला. ती काही फार चालली नाही, तिचा लिलावाचा धंदा २००३ च्या शेवटी फ्रीमार्केट्सलाच विकला गेला. २००४ मध्ये फ्रीमार्केट्स अरिबात विलीन झाली आणि अरिबा २०१२ मध्ये सॅपने घेतली. तुमच्यातले जे सॅपवर काम करतात त्यांच्या स्क्रीनवर आजही हा वारसा असतो.

आपल्या पट्ट्यात टेल्कोला २०००-०१ या वर्षी ५०० कोटींचा तोटा झाला, तेव्हापासून खर्चकपात हा मंत्र झाला. २००७ साली फोर्ब्समध्ये टाटा मोटर्सवर एक लेख आला होता. आदल्या वर्षी कंपनीने अरिबावर ७५० उलटे लिलाव केले आणि खरेदीचे भाव सरासरी ७ टक्क्यांनी उतरले, असं त्यात होतं. बेअरिंगपासून कँटीनच्या दुधापर्यंत. दूधसुद्धा! कंपनीच्या बाजूने बघाल तर यात चूक काय? तोटा भरून काढायचा होता, आणि त्यांनी तो काढलाही.

न्यायाने बोलायचं तर आधीची पद्धत काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. बंद पाकिटातलं कोटेशन कोणाच्या टेबलावरून कोणाला कळायचं, दिवाळीला कोणाच्या घरी काय जायचं, हे भोसरीत कोणालाही विचारा. उलट्या लिलावाने ते बरंच कमी केलं. ओळखपाळख नसलेल्या नव्या पोराला आत यायला दार मिळालं. हे खरंच आहे आणि मी ते नाकारत नाही.

पण प्रत्यक्ष काय होतं ते बघा. माझ्या मामाचं भोसरीत वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, अकरा माणसं. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या (नाव घेत नाही) लिलावाला त्याच्या केबिनमध्ये मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो, कारण "तुझी बोटं भरभर चालतात." भाग होता एक स्टीलचं बुश. मामाने आदल्या रात्री कॉस्ट शीट काढली होती : मटेरियल, मशीनचा ताशी दर, टूलचा खर्च, हीट ट्रीटमेंट, पॅकिंग, भाडं, वजा स्क्रॅपचे पैसे. आकडा आला १०४ रुपये, नफा सोडून. लिलावाचा दिवस गुरुवार. आपल्या पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, बऱ्याचदा वीजही नसते, पण लिलाव ठरवणारा माणूस बसलेला दुसऱ्या शहरात, त्याला काय त्याचं. जनरेटर लावला.

सुरुवातीचा भाव ११८. एका वेळी किमान ५० पैसे उतरायचं. वेळ अर्धा तास, आणि शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की पाच मिनिटं मुदतवाढ. आठवला ना नियम? ईबेवर ज्याने गिऱ्हाइकाला स्नायपरपासून वाचवलं असतं, तोच इथे विकणाऱ्याला संपू देत नाही. अर्ध्या तासाचा लिलाव दोन तास दहा मिनिटं चालला.

आणि स्क्रीनवर दिसत काय होतं? फक्त आपला नंबर. 'रँक : ३'. समोर किती जण आहेत, कोण आहेत, पहिल्याचा भाव काय, काही नाही. कंपनीच्या मनात किती भाव आहे तेही नाही. समोरचा खरोखर कारखानदार आहे की कोणी नुसताच भाव पाडायला बसवलाय, हे कळायला काही मार्ग नाही. (बसवलेला असतो असं माझं म्हणणं नाही. कळायला मार्ग नाही, एवढंच म्हणतोय.) मामा १०६ वर आला, रँक २. १०४, रँक २. मामाने डोक्यावरून हात फिरवला, १०३.५०, रँक १. मिनिटभराने पुन्हा रँक २.

"मामा, हे खर्चाच्या खाली आहे."

"माहितेय रे. मशीन उभी राहिली तर हप्ता थोडाच थांबतो?"

१०१ ला मामाने मला हात धरून थांबवलं. शेवटी कोणीतरी ९८.५० ला नेलं.

पेट्रोलियम इंजिनीअरांनी १९७१ साली यावर लिहून ठेवलंय. कॅपन, क्लॅप आणि कॅम्पबेल हे तिघे अटलांटिक रिचफिल्ड कंपनीतले. मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या पट्ट्यांसाठी बोली जिंकणाऱ्या कंपन्या नुकसानीत का जातात, हा त्यांचा प्रश्न. उत्तर सोपं : दहा जणांनी तेलाचा अंदाज केला तर जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलाय. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. उलट्या लिलावात तो उलटा लागतो : ज्याने स्वतःचा खर्च सगळ्यात कमी धरला, तो जिंकतो. ९८.५० वाला चाकणचा एक नवीन वर्कशॉपवाला निघाला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात हीट ट्रीटमेंटची टीप होती, ती त्याने धरलीच नव्हती.

तीन आठवड्यांनी कंपनीतून मामाला फोन. "एल-वनला जमेलसं वाटत नाही. तुम्ही त्याच रेटला करता का?" लिलावाच्या अटींत लिहिलेलंच असतं की ऑर्डर कोणाला द्यायची ते कंपनी ठरवणार. म्हणजे विकणाऱ्याची बोली त्याला बांधते, घेणाऱ्याला काहीच बांधत नाही. मामाने नाही म्हटलं. त्या वर्षी त्याची एक सीएनसी चार महिने जवळजवळ रिकामी होती आणि दोन पोरं दुसरीकडे लागली. त्याला विचारलं तर म्हणतो, बरोबर केलं. मामी वेगळं सांगते.

कायदे आहेत. २००६ चा लघुउद्योगांचा कायदा म्हणतो पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही त्याला दात दिले. सरकारी खरेदीच्या २०१२ च्या धोरणात लघुउद्योग एल-वनच्या १५ टक्क्यांत असेल तर त्याला एल-वनचा भाव जुळवून काही वाटा घेता येतो, म्हणजे तिथेही भाव एल-वनचाच. पैसे कधी द्यायचे याबद्दल कायदा बोलतो, खर्चाखालच्या भावाबद्दल बोलत नाही. आणि सरकारच्या २०१६ पासूनच्या 'जेम' पोर्टलवर उलटा लिलाव आहेच.

मला विचाराल तर प्रमाणित मालाला हे ठीक आहे. स्क्रॅप, स्टीलच्या शीट, कागद. टाटा स्टील आणि सेल यांनी २००१ साली मेटलजंक्शन काढलं, तिथे माल काय आहे हे दोघांनाही माहीत असतं. पण ड्रॉइंगवरचा भाग हा माल नसतो, ते दोन वर्षांचं वचन असतं. त्याचा भाव पाच-पाच मिनिटांत ५० पैशांनी उतरवायचाच असेल, तर निदान सगळे आकडे सगळ्यांना दिसू द्या. चाकणच्या कांद्याला दिसतात, मग बुशला का नाही? नुसता 'रँक : २' दाखवणारी स्क्रीन म्हणजे पुन्हा रुमालच.

मामा सध्या वेगळ्याच लिलावाच्या मागे आहे. कर्ज थकलेल्या वर्कशॉपांची मशिनं बँका ऑनलाइन विकतात, सरळ, वर चढणाऱ्या लिलावात, 'जसं आहे तसं, जिथे आहे तिथे' या अटीवर. चाकणची एक व्हीएमसी आहे, जेमतेम सहा वर्षं वापरलेली. अनामत भरून झाली, जाऊन स्पिंडल फिरवूनही आलाय. लिलाव बुधवारी अकराला आहे. मुदतवाढ पाच मिनिटांची आहे, तेव्हा मी अर्ध्या दिवसाची नाही, पूर्ण दिवसाची रजा टाकलीय.