फ्लाइट सिम्युलेटरची जॉयस्टिक: एका कंपनीची ग्रिप दुसऱ्या कंपनीच्या बेसवर चालते का?

ग्रिप आली, बेस आला. ग्रिप बेसवर ठेवून खालचं कडं फिरवलं, ते घट्ट बसलं. यूएसबीची वायर कॉम्प्युटरला लावली आणि विमान सुरू केलं. ग्रिप हलवली की विमान वळतं, पण ट्रिगर दाबला तर काहीच होत नाही. ग्रिपवरची एकही कळ चालत नाही.

फ्लाइट सिम्युलेशनच्या हौशी मंडळींमध्ये हा घोटाळा नवा नाही. विमान वळतं, कारण दांडा किती कलला हे बेस स्वतःच मोजतो. कळा मात्र ग्रिपमध्ये असतात, आणि ग्रिप काय सांगते आहे हे त्या बेसला कळत नसतं. म्हणजे ग्रिप बेसवर ‘बसणं’ आणि ‘चालणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वस्तू महाग आहेत आणि चांगला जोड काही दहा हजारांच्या घरात जातो. त्यामुळे हा फरक खरेदीच्या आधी समजलेला बरा.

ग्रिप आणि बेस वेगळे कशासाठी?

साध्या जॉयस्टिकमध्ये हा प्रश्नच येत नाही. लॉजिटेकची एक्स-५२ किंवा थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम घेतली तर मूठ आणि खालचा डबा एकत्रच येतात, ते वेगळे करून बदलण्यासाठी बनवलेले नसतात. त्यावरच्या वर्गात मात्र दोन्ही भाग सुटे असतात. ग्रिप म्हणजे हातात धरायची मूठ, त्यावर ट्रिगर, बटणं आणि अंगठ्याने चार दिशांना ढकलायच्या छोट्या कळा असतात. बेसमध्ये स्प्रिंगा, सांधे, कोन मोजणारे सेन्सर आणि कॉम्प्युटरशी बोलणारं सर्किट असतं.

याचा फायदा असा, की बेस एकदाच चांगला घ्यायचा आणि विमान बदललं की ग्रिप बदलायची. डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये एफ-१६, एफ/ए-१८ यांच्यासोबत भारतीय हवाई दलामुळे आपल्या ओळखीची मिराज २००० आणि मिग-२१ सुद्धा आहेत. प्रत्येकाची मूठ वेगळी. तेवढ्यासाठी दरवेळी पूर्ण जॉयस्टिक घेणं कोणाला परवडणार?

आधी आटे पाहा, पण तिथे थांबू नका

या बाजारात एक अलिखित माप तयार झालं आहे आणि त्याचं कारण थ्रस्टमास्टर ही कंपनी. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने एफ-१६ च्या धर्तीवर ‘होटास कुगर’ आणली आणि २०१० मध्ये ए-१०सी विमानाची ‘होटास वॉर्टहॉग’. दोन्हीची ग्रिप सुटी होते आणि ती बसवण्याची पद्धत एकच आहे: ग्रिपखाली फिरणारं कडं, बेसवर ३६ मिलिमीटर व्यासाचे आटे आणि मधोमध पाच पिनांचा छोटा गोल कनेक्टर. (खऱ्या ए-१०सी मध्येही मूठ एफ-१६ च्याच घराण्यातली आहे, म्हणून या दोन ग्रिप सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात.) वॉर्टहॉग इतकी खपली, की पुढे बेस बनवणाऱ्या इतर कंपन्यांना तिची ग्रिप आपल्या बेसवर चालवणं फायद्याचं वाटलं.

थ्रस्टमास्टरच्याच घरात बघायचं तर वॉर्टहॉग, एफ/ए-१८सी हॉर्नेट आणि एफ-१६सी व्हायपर या तिन्ही ग्रिप वॉर्टहॉगच्या बेसवर चालतात आणि कंपनीच्या नव्या ‘एव्हीए’ बेसवरही. व्हर्पिल कंपनीचे वॉरबर्डसारखे बेसही या ग्रिप स्वीकारतात.

व्हीकेबीचं तसं नाही. या कंपनीच्या ग्रिप आणि बेस आपसात छान जमतात, पण त्यांची जोडणी त्यांची स्वतःची आहे. गनफायटर बेस आणि वॉर्टहॉगची ग्रिप हातात घेऊन थेट जोडता येईल असं धरून चालू नका.

खरी अडचण वायरमध्ये आहे

वॉर्टहॉगच्या ग्रिपवर दीडडझनापेक्षा जास्त कळा आहेत. प्रत्येकीसाठी वेगळी तार काढली तर दांड्यातून जुडगा न्यावा लागेल. म्हणून ग्रिपच्या आतल्या छोट्या चिप सगळ्या कळांची स्थिती रांगेत लावतात आणि एकाच तारेवरून एकामागे एक पाठवतात: दाबली, नाही दाबली, नाही दाबली, दाबली. रांगेत एकूण २४ जागा. बाकीच्या तारांपैकी दोन वीजपुरवठ्याच्या, एक ‘आता सगळ्या कळांचा फोटो काढ’ असं सांगणारी आणि एक ताल देणारी. पाच पिनांचा हिशोब एवढाच.

साधी, भक्कम पद्धत आहे. पण तिच्यात फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच जाऊ शकतं. ‘अर्धं दाबलं’, ‘पाऊण फिरवलं’ हे सांगायला जागाच नाही.

इथे मिग-२१ चं उदाहरण घ्या. जुन्या सोव्हिएत विमानांत चाकांचा ब्रेक पायात नसून मुठीवर असतो, सायकलच्या ब्रेकसारखी लिव्हर. जितकी दाबाल तितका ब्रेक लागतो. व्हीकेबीच्या एमसीजी प्रो किंवा व्हर्पिलच्या कॉन्स्टेलेशन अल्फा या ग्रिपवर अशी लिव्हर मिळते. वॉर्टहॉगच्या ग्रिपवर करंगळीखाली एक पट्टी आहे खरी, पण ती नुसतं चालू-बंद बटण आहे. ती ब्रेकला लावली तर धावपट्टीवर ब्रेक एक तर पूर्ण लागेल नाही तर अजिबात लागणार नाही.

हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो. लिव्हर, फिरणारी मूठ किंवा अंगठ्याखालची सरकणारी छोटी स्टिक असलेली नवी ग्रिप जुन्या पद्धतीच्या बेसवर कशीबशी जोडली, तरी ज्या भागांसाठी जास्तीचे पैसे मोजले तेच मुके राहतील. नवा बेस जुनी ग्रिप समजून घेतो, पण जुना बेस नवी ग्रिप समजून घेईलच असं नाही. ‘कॉम्पॅटिबल’ या शब्दाला दिशा असते, आणि विक्रीच्या पानावर ती अनेकदा लिहिलेली नसते. म्हणून विक्रेत्याला ‘ही ग्रिप या बेसवर बसते का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘सगळ्या कळा आणि सगळे अक्ष चालतात का, अ‍ॅडॉप्टर लागतो का, बेसच्या सॉफ्टवेअरमध्ये या ग्रिपचं नाव आहे का?’ असं विचारा.

सॉफ्टवेअरचा मुद्दा फुकटचा नाही. यूएसबीवर कॉम्प्युटरला दिसतो तो बेस, ग्रिप नाही. व्हर्पिल आणि व्हीकेबी यांच्या बेसमध्ये कोणती ग्रिप लावली आहे हे कंपनीच्या सेटिंग प्रोग्रॅममधून सांगता येतं. ते सांगायचं राहिलं म्हणून चांगली ग्रिप बिघडलेली वाटल्याचेही प्रकार होतात. परत पाठवण्याआधी तेवढं तपासा.

कनेक्टर गोल आहे आणि पिन मोजून पाचच आहेत, म्हणून कुठल्याही दोन वस्तू जोडू नका. पिनांचा क्रम वेगळा असेल तर वीज चुकीच्या तारेत जाऊ शकते. आणखी एक, जोडताना ग्रिप फिरवायची नाही. ती स्थिर धरायची आणि फक्त खालचं कडं फिरवायचं. ग्रिपच फिरवली तर नाजूक पिना वाकतात.

वजन, स्प्रिंग आणि लांबी

वायर जमली तरी हाताला जमेलच असं नाही. वॉर्टहॉगची ग्रिप धातूची आणि जड आहे. ती मऊ स्प्रिंग असलेल्या हलक्या बेसवर लावली तर दांडा मध्यभागी परत यायला कुरकुरतो, एका बाजूला झुकून राहतो. उलट प्लास्टिकची हलकी ग्रिप कडक स्प्रिंगच्या बेसवर लावली तर मध्यातून हलवायलाच जोर लागतो आणि हवेत इंधन भरण्यासारखी बारीक कामं अवघड होतात. म्हणून बेस निवडताना स्प्रिंगा बदलता येतात का हे आधी पाहावं. व्हीकेबी गनफायटर आणि व्हर्पिलचे बेस इथे सरस ठरतात, कारण त्यांत स्प्रिंगांबरोबर कॅमही बदलता येतात. कॅम म्हणजे दांडा मध्यापासून दूर जाताना जोर कसा वाढत जाईल हे ठरवणारा आकार दिलेला तुकडा.

लांबीचं गणित मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लढाऊ विमानात दांडा बहुधा दोन पायांच्या मधून वर येतो आणि लांब असतो. घरी तसंच हवं म्हणून ग्रिप आणि बेसच्या मध्ये लोक एक्स्टेन्शन, म्हणजे जोडनळी, लावतात. समजा हात बेसच्या सांध्यापासून २० सेंटीमीटरवर आहे आणि दांडा २० अंश कलतो. हाताची हालचाल साधारण ७ सेंटीमीटर झाली. २० सेंटीमीटरची नळी लावली की तोच कोन गाठायला हात जवळजवळ १४ सेंटीमीटर जातो. नेम धरणं, फॉर्मेशनमध्ये उडणं सोपं होतं, कारण हाताची तीच छोटी चूक आता निम्म्या कोनाची होते.

पण जोरही निम्मा होतो. मोझाच्या एबी-९ या मोटरवर चालणाऱ्या फोर्स फीडबॅक बेसची कमाल ताकद ९ न्यूटन-मीटर आहे. २० सेंटीमीटरवर हाताला ती सुमारे साडेचार किलोच्या ओढीइतकी जाणवेल, ४० सेंटीमीटरवर सव्वादोन किलोच्या आसपास. एवढ्या ताकदीच्या बेसला ते चालून जातं. टेबलावर ठेवायच्या साध्या स्प्रिंगच्या बेसवर मात्र दोन्ही बाजूंनी फटका बसतो: स्प्रिंगचा जोर हाताला निम्मा वाटतो आणि लांब नळीच्या टोकावरची जड ग्रिप स्वतःच्या वजनाने जास्त झुकते. लांब नळी लावायची असेल तर कडक स्प्रिंगचा बेस आणि तो खुर्चीला किंवा टेबलाच्या कडेखाली घट्ट पकडणारा क्लॅम्प, हा खर्च आधीच धरावा. बेसच्या तळाची भोकं त्या क्लॅम्पच्या पट्टीशी जुळतात का, हेही तपासावं लागतं. ग्रिपवर महिनाभर डोकं खपवणारे लोक ही भोकं विसरतात.

कोणती विमानं उडवणार, हे आधी ठरवा

खऱ्या एफ-१६ मध्ये दांडा उजव्या हाताशी असतो आणि जवळपास हलतच नाही, तो हाताचा दाब मोजतो. सुरुवातीला तो मुळीच हलत नव्हता, वैमानिकांना ते विचित्र वाटलं म्हणून नंतर त्याला किंचित हालचाल दिली. एअरबसमध्ये कॅप्टनच्या डाव्या हाताला साइडस्टिक असते. अशी विमानं उडवणाऱ्याला नळीची गरज नाही. खुर्चीच्या हाताशी बसेल असा छोटा बेस पुरतो.

एअरबसच उडवायचं असेल तर खरं म्हणजे सुट्या भागांच्या भानगडीत पडू नये. त्या साइडस्टिकवर कळा मोजक्याच असतात, तयार जॉयस्टिकमध्ये काम होतं आणि वाचलेले पैसे थ्रॉटलवर घालता येतात. हेलिकॉप्टरवाल्यांची गरज उलटी: मध्याकडे न ओढणारा, सोडला तिथेच थांबणारा दांडा. तिथे ग्रिपपेक्षा बेसमधला डॅम्पर किंवा क्लच महत्त्वाचा.

रडरसाठी पायात पेडल नसतील तर गोल फिरणारी मूठ लागते. वॉर्टहॉग, हॉर्नेट, व्हायपर यांपैकी एकही ग्रिप फिरत नाही. पेडलचे पैसे हिशोबात धरले नसतील तर ‘स्वस्तात मिळालेली वॉर्टहॉग’ स्वस्त राहत नाही.

एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्यांनी तर आधीच थांबावं. वॉर्टहॉग फक्त पीसीसाठी आहे आणि सुट्या ग्रिप-बेसचा हा जवळपास सगळा बाजार पीसीचाच आहे.

भारतातून घेताना

थ्रस्टमास्टर, लॉजिटेक यांचा माल देशातल्या ऑनलाइन दुकानांत दिसतो. व्हर्पिल, व्हीकेबी यांच्यासाठी बहुतेक वेळा थेट परदेशातून ऑर्डर द्यावी लागते. किमतीवर पाठवणीचा खर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो. चुकीची ग्रिप आली तर ती परत पाठवण्याचा खर्च बहुधा ग्राहकाच्या माथी येतो आणि भरलेलं शुल्क परत मिळवणं सोपं नसतं.

त्यामुळे पैसे थोडेच असतील तर ते आधी बेसवर घालणं शहाणपणाचं. उडताना जाणवणारा फरक सेन्सर, सांधे आणि स्प्रिंगांतून येतो. पोटेंशिओमीटरचे बेस घासून घासून थरथरायला लागतात, चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये घासणारा भागच नसतो. शिवाय ग्रिप नंतर बदलता येते. आणि पहिली ग्रिप शक्यतो बेसच्याच कंपनीची घ्या. दुसरी ग्रिप घेण्याची वेळ येईल तोपर्यंत तुमच्या बेसवर कोणाची ग्रिप किती चालते, हे तुम्हाला दुकानदारापेक्षा जास्त माहीत असेल.

जुना माल घेणार असाल तर विक्रेत्याकडून दोन गोष्टींचा व्हिडिओ मागवा: ग्रिप काढल्यावर दिसणाऱ्या पाचही पिना सरळ आहेत, आणि विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत प्रत्येक कळ दाबली की तिचा दिवा लागतो आहे. तो व्हिडिओ ज्या बेसवर काढला, तोच बेस तुम्हीही वापरणार आहात ना, एवढं मात्र विचारून घ्या.