तेवीस मिनिटं आणि दोन डॉलर

३ डिसेंबर २००४ ला, म्हणजे भोपाळच्या वायुदुर्घटनेला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी, बीबीसी वर्ल्डवर ज्यूड फिनिस्टेरा नावाचे एक गृहस्थ झळकले. आपण डाऊ केमिकलचे प्रवक्ते आहोत असं सांगून त्यांनी जाहीर केलं की भोपाळची पूर्ण जबाबदारी आमची, युनियन कार्बाईड मोडीत काढून १२ अब्ज डॉलर पीडितांना देणार. (कार्बाईड २००१ मध्येच डाऊने विकत घेतली होती.) फ्रँकफर्टच्या बाजारात २३ मिनिटांत डाऊचा शेअर ४.२४ टक्के घसरला. बाजारमूल्यातून सुमारे २ अब्ज डॉलर गायब! मग कळलं की हे गृहस्थ 'द येस मेन' या खोडकर जोडगोळीपैकी एक. बातमी खोटी निघाली आणि भाव पुन्हा वर आला.

हा किस्सा बहुतेकांनी वाचलेला असतो. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. बाजाराने त्या दिवशी एका खोट्या बातमीवर जे केलं, तेच तो आधीची वीस वर्षं खऱ्या बातम्यांवर करत आला होता.

तर मागे जाऊ. गळती झाली २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री. त्याआधी न्यूयॉर्कला कार्बाईडचा शेअर ४९ डॉलरच्या आसपास होता. काही आठवड्यांत तो पस्तिशीच्या घरात आला. कंपनी बुडणार अशी बोलणी सुरू झाली, आणि ते साहजिकच होतं. अमेरिकन कोर्टात ज्यूरीसमोर खटला उभा राहिला तर भरपाई किती होईल याचा अंदाजच करता येत नव्हता. बाजाराला नुकसान पचतं. किती नुकसान ते माहीत नसलं की त्याला झोप लागत नाही.

इथे एक विचित्र वळण येतं. वर्षभराने, डिसेंबर १९८५ मध्ये, जीएएफ कंपनीचे सॅम्युअल हेमन कार्बाईड ताब्यात घ्यायला निघाले. पडलेला शेअर म्हणजे स्वस्तातला माल. कार्बाईडने बचावासाठी स्वतःचेच निम्म्याहून जास्त शेअर ८५ डॉलरच्या भावाने, रोख आणि रोख्यांच्या रूपात, परत घेतले. त्यासाठी डोंगराएवढं कर्ज काढलं आणि बॅटऱ्यांचा जगभरचा धंदा विकायला काढला. (आपल्याकडचे एव्हरेडीचे सेल भारतीय कंपनीचे, ते तेव्हा राहिले. टॉर्चवाल्या घरांना पत्ताही लागला नसेल.) म्हणजे खटला चालू असताना कंपनीची मालमत्ता भागधारकांच्या हाती चालली होती! भारत सरकारने भोपाळच्या कोर्टातून नोव्हेंबर १९८६ मध्ये मालमत्ता विकायला मनाई मिळवली, पण ३ अब्ज डॉलरची मालमत्ता राखून ठेवू या हमीवर ती त्याच महिन्यात उठली.

त्याआधी मे १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश कीनन यांनी खटला भारतात चालवा म्हणून सांगितलं होतं. माझ्या मते शेअरचं भवितव्य खरं तर तिथेच ठरलं. अमेरिकन ज्यूरीची धास्ती संपली. राहिला प्रश्न फक्त आकड्याचा.

तो आकडा १४ फेब्रुवारी १९८९ ला आला. सरकारचा दावा ३.३ अब्ज डॉलरचा. सर्वोच्च न्यायालयाने तडजोड ठरवली ४७ कोटी डॉलरवर, आणि फौजदारी खटलेही बंद. (हे खटले १९९१ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा उघडले, भरपाईची रक्कम मात्र तीच ठेवली.) बातमी येताच न्यूयॉर्कला शेअर सुमारे दोन डॉलरने वर गेला.

आता थोडं गणित, कंटाळू नका. कंपनीचे तेव्हा साधारण साडेतेरा कोटी शेअर होते. शेअरमागे दोन डॉलर म्हणजे एका दिवसात सुमारे २७ कोटी डॉलरची वाढ. दंडाच्या निम्म्याहून जास्त रक्कम बाजाराने भागधारकांना त्याच दिवशी परत केली. शिवाय विमा होताच. कंपनीच्या १९८८ च्या हिशोबात शेअरमागे नफा ४.८८ डॉलर, विक्रमी, आणि तोही भोपाळपोटी शेअरमागे ४३ सेंट वजा करून. हो, ४३ सेंट.

आणि १९८९ चा तीस डॉलरच्या आसपासचा भाव १९८४ च्या ४९ शी ताडून पाहू नका, फसाल. मध्ये १९८६ मध्ये एका शेअरचे तीन झाले होते. जुन्या मापाने तो भाव नव्वदच्या आसपास जातो. डिसेंबर १९८४ मध्ये ज्याने घाबरून विकलं नाही, त्याचं भलं झालं.

भोपाळमध्ये तीच रक्कम पावणेसहा लाखांच्या आसपास लोकांत वाटली गेली. जखमींपैकी बहुतेकांच्या वाट्याला २५,००० रुपये आले, तेही वर्षानुवर्षं खेटे घालून.

बाजार निर्दय आहे असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. शेअरचा भाव एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: आणखी किती द्यावं लागेल? आपल्या कोर्टाने त्याला नेमका आकडा दिला, तो खूश झाला. याची उलटी बाजूही याच कंपनीत दिसते. जानेवारी २००२ मध्ये डाऊने टेक्सासमधले कार्बाईडचे ॲस्बेस्टॉसचे खटले तडजोड करून मिटवले, तर डाऊचा शेअर जोरात पडला. तडजोड तीच, पण तिथे दावेदारांची रांग संपत नव्हती. पुढे कार्बाईडने ॲस्बेस्टॉसपोटी २.२ अब्ज डॉलरचं देणं हिशोबात धरलं, भोपाळच्या चौपटीहून जास्त.

केंद्र सरकारने २०१० मध्ये वाढीव भरपाईसाठी पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. १४ मार्च २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती याचिका फेटाळली, आणि रिझर्व्ह बँकेत पडून असलेले ५० कोटी रुपये उरलेल्या दाव्यांसाठी वापरायला सांगितले.