संध्याकाळचा वर्ग

रमाबाई रानड्यांना इंग्रजी शिकवायला पुण्यात मिस हर्फर्ड येत असत. मडमेला शिवल्यामुळे धडा संपला की आंघोळ केल्याशिवाय रमाबाईंना घरातल्या बायकांत मिसळता येत नसे. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या पुस्तकात सासरच्या बायकांनी या शिकण्यापायी केलेला जाच सविस्तर आलेला आहे. पुस्तक १९१० साली निघालं. आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या आजीच्या कपाटात ते असायचं, आणि वाचताना सगळ्याजणी त्या जाचाच्या पानांवरच जास्त वेळ थांबायच्या. मी मात्र अलीकडे ते पुन्हा वाचलं तेव्हा दुसऱ्याच गोष्टीपाशी थांबले. या बाई इंग्रजी बोलल्या कोणाशी?

लग्न झालं १८७३ साली. वय अकराच्या आसपास, आणि अक्षरओळख नाही. न्यायमूर्तींनी स्वतः शिकवायला घेतलं. मराठी झालं, मग इंग्रजी. पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी खटपट चालली होती तेव्हा रमाबाईंनी सभेत इंग्रजी मजकूर वाचून दाखवला, आणि त्याबद्दल घरात काय ऐकावं लागलं ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पण तो मजकूर न्यायमूर्तींनी लिहून दिलेला होता. लिहिलेलं वाचणं वेगळं आणि समोरच्यानं अचानक काही विचारलं की उत्तर देणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला समोर माणूस लागतो, आणि त्या माणसानं आपल्या चुकीला हसायचं नाही हेही लागतं. घरात नवरा सोडला तर तसं कोण होतं? नवराही शिक्षकच.

आनंदीबाई जोश्यांचं पाहा. गोपाळरावांनी इंग्रजी शिकवलं, तेही फार कडक हातानं. त्यांची बदली होत गेली तशा त्या गावोगाव फिरल्या, आणि २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत त्यांनी आपण अमेरिकेला का जातो ते इंग्रजीत सांगितलं. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. त्याआधी पुण्यात त्यांनाही मिस हर्फर्डनीच थोडं इंग्रजी शिकवलं होतं, म्हणजे दोन्ही रमाबाईंची बाई एकच! १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे पंडिताबाईंनी साक्ष दिली ती मराठीत, आणि १८८७ साली अमेरिकेत त्यांचं इंग्रजी पुस्तक छापून आलं. पाच वर्षांतली ही मजल. पण या बायका विलक्षण होत्या. त्यांच्या तालावर आपल्यासारख्यांनी नाचायचं म्हटलं तर कंबर मोडेल.

आपल्यासारख्यांसाठी जे झालं ते पुण्याच्या सेवासदनात. १९०९ साली ते सुरू झालं आणि रमाबाई रानडे शेवटपर्यंत, म्हणजे १९२४ पर्यंत, त्याच्या अध्यक्ष राहिल्या. तिथे मोठ्या वयाच्या बायकांसाठी वर्ग होते. विधवा यायच्या, तशाच मुलंबाळं असलेल्या संसारी बायकाही. वर्ग भरायचा दुपारी, कारण जेवणं उरकून भांडी पालथी घातली की संध्याकाळच्या दिव्यापर्यंतचा वेळ बाईचा. पुरुष कचेरीत, सासू पडलेली. कुठल्याही काळातल्या बायकांचं शिक्षण शोधायचं असेल तर त्या काळातला त्यांचा मोकळा तास कुठला होता ते आधी शोधावं, असं मला वाटतं. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण त्यांना दिवसा तो तास नव्हताच. (सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका असं सांगणाऱ्या कविता आहेत, हेही इथे आठवण्यासारखं. त्यांच्या दृष्टीनं इंग्रजी ही मिरवायची वस्तू नव्हती, बेडी तोडायचं हत्यार होतं.)

आपल्या समाजातही हे झालं. मुंबईचे सेठ माणिकचंद हिराचंद यांची कन्या मगनबाई तरुणपणी विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. त्यांनीच पुढे मुंबईत श्राविकाश्रम चालवला. सोलापूरला सुमतीबाई शहांनी श्राविका संस्थेचं काम वाढवलं, ते आपल्यापैकी कित्येकींनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथली पहिली गरज होती सही करता येणं, स्वाध्याय स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येणं, चार पैसे मिळवता येणं. इंग्रजी बोलणं ही गरज यायला आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या.

भोपाळात मात्र चित्र निराळं. इथे गादीवर चार पिढ्या बेगमा होत्या. शेवटच्या सुलतान जहाँ बेगम यांनी १९०१ ते १९२६ राज्य केलं. लहानपणी आजी सिकंदर बेगमनं त्यांचं जे वेळापत्रक आखलं होतं त्यात घोड्यावर बसण्याबरोबर इंग्रजीचाही धडा होता. त्यांनी मुलींसाठी सुलतानिया शाळा काढली आणि १९०९ साली पडद्यातल्या बायकांसाठी लेडीज क्लब काढला. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाला त्या लंडनला गेल्या त्या बुरख्यातच. पुण्यातल्या मधल्या माजघरात ज्या गोष्टीवरून आंघोळ घालत होते, ती इथे राजवाड्यात शिरस्त्यानं चालली होती. अर्थात राजवाड्याबाहेरच्या बाईच्या वाट्याला त्यातलं किती आलं, हा प्रश्न राहतोच.

आपण मराठी माणसं इथे जास्त करून १९५६ नंतर आलो. १ नोव्हेंबरला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि कचेऱ्यांबरोबर कारकुनांचे संसार ट्रंका बांधून निघाले. त्याच वर्षी इथला हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना ब्रिटिश कंपनीच्या मदतीनं ठरला. पिपलानी, बरखेडा वसलं. कारखान्यात पुरुष नकाशे इंग्रजीत वाचायचे, घरी मराठी, बाजारात हिंदी. बायकांकडे या तिन्हींतल्या दोनच आल्या. तिसरी दारातून रोज डबा घेऊन बाहेर जायची आणि संध्याकाळी थकून परत यायची, पण कोणी ती ताटावर वाढली नाही.

आता अशोका गार्डन. रायसेन रोडच्या अलीकडे, स्टेशनच्या बाजूची ही वस्ती. ऐंशी फुटी रस्त्यावर शिकवण्यांच्या पाट्या इतक्या, की किराण्याचं दुकान शोधावं लागतं. तिथे एका घराच्या वरच्या खोलीत प्रौढांसाठी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालतो आणि मी गेली दोन वर्षं त्याला जाते. बारा-चौदा जण असतो. निम्म्याहून जास्त बायका, त्यात तिघी-चौघी आपल्या. पंजाबी भाभी आहेत, शिवणकाम करणाऱ्या एक आपा आहेत. शिकवणारी मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची, तिला आम्ही सगळ्या ‘मॅडम’ म्हणतो आणि ती आम्हाला ‘आंटी’.

इथेही तासाचीच गंमत. बाकीच्या बायकांना संध्याकाळी सहाचा वर्ग म्हणजे कुकर कोण लावणार ही चिंता. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं झालेली, चौका आवरलेला. डिसेंबरात भोपाळला पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे सहाला मी अगदी मोकळी. जूनमध्ये मावळायला सात वाजून जातात, तेव्हा पाचलाच जेवून निघते. ज्या नियमानं आपल्या बायकांची दुपार स्वयंपाकात लवकर अडकते, त्याच नियमानं संध्याकाळ सुटते. हे रमाबाईंच्या काळी कोणा श्राविकेच्या ध्यानात आलं असतं तर!

आमच्या पिढीनं इंग्रजी शिकलेलं नाही असं नाही. तर्खडकरांच्या पाठमालेच्या पद्धतीनं शिकलो: आधी नियम, मग शब्द, मग मराठी वाक्याचं इंग्रजी करा. त्यात भाषांतरकार तयार होतो. बोलणारा होत नाही, कारण समोरचा माणूस भाषांतर संपेपर्यंत थांबत नाही. पुढे कपिल देवच्या फोटोची जाहिरात असलेलं रॅपिडेक्स घरोघर आलं. त्यात पोस्टातलं, दुकानातलं, डॉक्टराकडचं बोलणं छापलेलं असे. पण पुस्तक आपल्याला उलट विचारत नाही. वर्गात विचारतात. वीस मिनिटं दोघी-दोघींनी फक्त इंग्रजीत बोलायचं, हिंदीचा शब्द आला की पुन्हा पहिल्यापासून. पहिले दोन महिने आमची खोली इतकी शांत असायची की खालच्या घरातल्या टीव्हीची मालिका ऐकू यायची.

मग एक दिवस मॅडमनी मला विमानातलं जेवण मागायला लावलं. विमान कंपन्यांत ‘जैन मील’ वेगळं सांगता येतं, हे आता पुष्कळांना माहीत आहे. मी सांगितलं, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको. आपा हवाई सुंदरी झाल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘व्हाय?’ मला पाठशाळेपासून पाठ असलेलं सगळं डोळ्यांपुढे आलं. अनंतकाय, सूक्ष्म जीव, एक कंद उपटला की किती. यातलं एकही इंग्रजीत नव्हतं. शेवटी जे निघालं त्याचा अर्थ एवढा होता: जमिनीखालचं मूळ काढलं तर सगळं झाड मरतं, आणि मातीतले लहान जीवही मरतात, म्हणून. आपा थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी त्यांच्या घरी काय खात नाहीत आणि का, ते सांगायला सुरुवात केली. शेजारशेजारच्या गल्लीत राहून आम्ही ही गोष्ट हिंदीत एकमेकींना कधी विचारली नव्हती. हिंदीत ती विचारणं आगाऊपणाचं वाटलं असतं. धड्यातला प्रश्न म्हणून चालून गेलं.

‘इंग्लिश विंग्लिश’ चित्रपट २०१२ साली आला तेव्हा आमच्या वर्गातल्या बहुतेकींनी तो दोनदा पाहिलेला. पुण्याची शशी गोडबोले, लाडू करून विकणारी, न्यूयॉर्कला चार आठवड्यांचा वर्ग करते. मला त्यातली श्रीदेवी आवडली, पण एक हिशेब खटकला. घरच्यांनी मान द्यावा म्हणून शिकायचं, हा हिशेब. ज्या घरात बाईचं बोलणं मराठीत ऐकलं जात नाही, तिथे इंग्रजीत का ऐकलं जाईल?

या शहरात तर याचं उत्तर आहेच. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला. वायूकांडानंतर दिल्लीपर्यंत पायी मोर्चा नेणाऱ्या, कारखानदारांच्या दारात उभ्या राहणाऱ्या या बायकांना २००४ साली अमेरिकेत गोल्डमन पारितोषिक मिळालं. त्यांची शक्ती इंग्रजीत नव्हती. इथल्या गल्लीतल्या हिंदीत त्या लढल्या आणि जगाला ऐकावं लागलं. मी वर्गात हे बोलले तेव्हा आपा म्हणाल्या, ‘बाजी, उनके साथ पूरा मोहल्ला था। मुझे तो अकेले काउंटर पर खड़ा होना है।’

त्यांच्या मुलीच्या शाळेत पालकसभा इंग्रजीतच होते. मागच्या वेळी त्या शेवटच्या बाकावर बसून आल्या होत्या. या वेळी विचारायचे तीन प्रश्न त्यांनी माझ्याकडून घोटून घेतले. मी शिक्षिका झाले, भुवया वर करून, घड्याळाकडे पाहत उत्तरं दिली, कारण तशीच मिळणार होती. तिसऱ्या प्रश्नाला त्या अडखळल्या, थांबल्या, आणि ‘वन मिनिट, आय ॲम स्पीकिंग’ असं म्हणाल्या. हे आम्ही घोटलेलं नव्हतं.

शनिवारी सभा आहे. मीही बरोबर जाणार आहे, पण बाहेर गेटपाशी थांबेन असं ठरलंय.